बाबांच्या नावावरची उधारी

वाशीम,
ता. ६ डिसेंबर १९७३

तीर्थरूप बाबा,

पायांवर डोकं ठेवून लिहितो. माझी तब्येत बरी आहे, ऑफिसातलं कामही नीट चाललं आहे. आईचा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट सांगायची लाज वाटते. इथे मी किराणा, खानावळ आणि कापड, तिन्हीकडे उधारीचं खातं उघडलं होतं. कारंज्याच्या चंपालालजींचा मुलगा म्हटल्यावर कोणी नाही म्हणत नव्हतं. पगार एकाला दिला की उरलेल्या दोघांपासून तोंड लपवत फिरायचो.

मंगळवारी कापडवाले कस्तुरचंदजी खोलीवर आले. म्हणाले, "तिघांचं देनं हाय तुमच्यावर. तुमच्या बाबांले चिठ्ठी लिवू का?"

मी म्हणालो, "मीच लिहितो."

सायकल विकून तिघांचेही पैसे दिले. आता खातं एकच ठेवलं आहे, किराण्याचं. तेही पगाराच्या दिवशीच चुकतं करीन. ऑफिसात पायी जातो, त्याची काळजी करू नका.

दिवाळीला पाठवलेली धोतरजोडी तुम्ही दुकानात येईल त्याला दाखवली, असं आईने कळवलं होतं. बाबा, ती उधारीवरच घेतली होती. आता ती खरोखर माझ्या पैशांची आहे. मन झालं तर नेसा.

तुमचा,
माणिक