अक्काच्या गोळीचा शोध

अक्का, तुला वाकून नमस्कार,

तुझ्या कंपवातावरच्या त्या नव्या गोळीची माहिती शोधता शोधता जीव मेटाकुटीला आला गं. इंटरनेटवर तिच्या चाचणीच्या अहवालाचा सारांश तेवढा फुकट, ‘बऱ्याच रुग्णांना गुण आला’ इथवर. पुढचं पैसे भरल्याशिवाय कुलपात! सून म्हणते, “आई, डॉक्टर बघतील की! तुम्ही कशाला डोकं शिणवता?”

शेवटी आज बसने एकटीच इथे जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत गेले. टेबलामागची मुलगी म्हणाली, “इथे बसून वाचा. घरी नेता येणार नाही.” सातवी शिकलेली मी, इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेऊन तो अहवाल वाचत तीन तास बसले. कोणते रुग्ण घेतले, ते पाचव्या पानावर सापडलं. सत्तरीपुढचा एकही नाही! एवढी शहाणी माणसं, आणि म्हातारपणाचा आजार तपासताना म्हाताऱ्यांनाच वगळलं?

तू शहात्तरची. पुन्हा आपल्या हाताने वेणी घालीन म्हणून आस लावून बसलीयस. मघाशी फोनवर ‘अजून सापडलं नाही’ म्हणाले, ती थाप होती. हे पत्रही पेटीत टाकायला हात धजत नाही. ती गोळी तुला मानवेल की नाही, याबद्दल त्या वीस पानांत एक ओळ नाही. हे तुला कोणत्या तोंडाने कळवू?

तुझीच,
मनोरमा