एक तरी माणूस घाबरला पाहिजे

१ मे २००८
आजपासून मी डायरेक्टर, हीरोही मीच. सायको थ्रिलर! हीरो खुनी शोधत फिरतो, शेवटी कळतं खुनी तोच. औरंगाबादेत असलं कुणी काढलंच नाही. सासरे कमरोद्दीन म्हणाले, पिक्चर बघून एक तरी माणूस घाबरला तर आणखी वर्षभर कर तुझे शौक. नाहीतर गुलमंडीत माझ्या कापडाच्या दुकानात बसायचं. लगेच कबूल केलं. बिचारे हरणार.

४ मे
बायको राहत हिरॉइन. नजर थंड, गूढ पाहिजे. तिनं कुकरच्या शिट्ट्या मोजत डायलॉग म्हटले. वर म्हणे, आटपा लवकर, भात लागंल.

५ मे, दुपारी
कॅमेऱ्यावर मावसभाऊ फारूख. लग्नांचं शूटिंग करतो. म्हटलं, सावल्या पाहिजेत. यानं डोक्यावर हॅलोजन पेटवला. म्हणे, चेहरा दिसला नाय तर पाहुणे भांडतात. मी खुनासाठी सुरा उचलला, तर हा बघायला जमलेल्या शेजारणींवर कॅमेरा फिरवतोय! भागूबाईंनी पदर सावरून हात हलवला. डोकंच फिरलं.

६ मे
फारूखनं एडिट दाखवलं. सुऱ्यावरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. लई भांडलो.

७ मे
शेवटचा सीन माझ्या पद्धतीनं. खिडक्यांना गोधड्या, दिवे बंद, आवाज बंद. जे दिसत नाही त्याचीच भीती वाटते. फारूख म्हणाला, भाईजान, कुछ दिखताच नै. म्हटलं, हीच तर कला! त्याला काय कळणार.

१० मे
गच्चीवर पडदा लावून शो. अख्खी गल्ली हजर. भागूबाई पडद्यावर आल्या, टाळ्याच टाळ्या. मग माझा सीन. काळोख. सगळे चिडीचूप. जिंकलो म्हटलं!

तेवढ्यात भागूबाई ओरडल्या, गेली मेली लाइट! सगळे चपला चाचपडत खाली निघाले. घसा फोडून सांगितलं, लोडशेडिंग नाही, सीन चालू आहे. कोण ऐकतंय! रडूच यायचं बाकी होतं.

काळोखात उभा होतो. मागून खांद्यावर जड हात पडला. मी जोरात किंचाळलो.

सासरे होते. म्हणाले, सोमवारी दहाला दुकान उघडतं.

राहत अजून खुर्चीतच होती. शेवटपर्यंत तीच बसली. हसत म्हणाली, अब्बा, एक तर घाबरला की! अब्बा म्हणाले, डायरेक्टर धरायचा नाय.

१२ मे, गुलमंडी
पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, साडी उजेडात दाखवा. दाखवली.