चपलांपाशी बसलेले आबा

मंगळूर,
रविवार

तीर्थरूप माय,

तुझ्या राजकन्याचा पाया पडून नमस्कार. मी इथं बरी हाय. दवाखान्यात ड्युटी नीट चाललीय. मेसमधी तीन टायमाला भातच असतो, म्हणून तू दिलेली शेंगदाण्याची चटणी पुरवून खाते. तुझा गुडघा कसा हाय? गाय व्यायली का?

आबांचं तेरावं झाल्यावर तू फोनवर विचारलंस, "तुझ्या बापाला तुझा येशू जवळ करील का गं?" मी रेंज न्हाई म्हणून फोन ठेवला. रेंज होती, माय.

आज इथल्या पास्टरांना विचारलं. ते हळूच म्हणाले, "ज्यानं विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला, त्याचंच तारण होतं." मग त्यांनी प्रार्थना केली. ती माझ्यासाठी केली, आबांसाठी न्हाई.

मी ख्रिस्ती झाले तवा भावकीनं बोलणं टाकलं. आबा मात्र दर रविवारी मला सायकलीवर हदगावच्या चर्चला न्यायचे. आत कधी आले न्हाईत. "मला माझा महादेव हाय," म्हणायचे, आन् कुत्र्यांनी पळवू नयेत म्हणून सगळ्यांच्या चपला राखत लिंबाखाली बसायचे.

माझं तारण झालंय, असं इथं सगळे म्हणतात. स्वर्गाचं दार मला उघडंच हाय म्हणे. पण त्या दारात माझा पाय अडेल, माय. चपलांपाशी कोण बसलंय, ते मी आधी वळून बघीन.

येळेवर जेवत जा.

तुझी लेक,
राजकन्या