लेकीच्या विहिरीचा ठिपका

बेलापूर, १२ जानेवारी, संध्याकाळ

वैशाली राजस्थानात तेलविहिरीवर इंजिनिअर. तिची आई गेल्यापासून मी रोज मोबाईलवर तेलविहिरींचा नकाशा उघडतो, लेकीच्या विहिरीचा हिरवा ठिपका बघतो. तेवढीच सोबत. आज ठिपका राखाडी दिसला. बोट ठेवलं तर 'बंद'. लगेच फोन लावला.

"अप्पा, ती विहीर कधीच बंद झाली, नकाशावर उशिरा दिसलं असेल. दोन महिने झाले, मी पुण्यात आहे."

म्हणजे इतके दिवस मी कुणाकडे बघत होतो?

"मग घरी का नाही आलीस?"

"आई नसलेल्या घरात पाऊल टाकवत नाही हो."

रागावणार होतो, पण मला तरी कुठे करमतं इथे? म्हणालो, "रविवारी मीच येतो."

ती रडायलाच लागली. मग म्हणाली, "पहिल्या गाडीने या."