मशीन सरळ, मखर वाकडं

४ ऑगस्ट, सोमवार
खा. – भगर, शेंगदाण्याची आमटी, अर्धं केळ. (राहिलेलं अर्धं बी मीच. पण डॉक्टरला अर्धंच सांगायचं. खाल्लेलं रोज लिहा म्हणला, म्हणून लिहून राहिले.)

रुतूचं मशीन आलं. तिच्या पहिल्या पगाराचं. लोकांच्या नाती पहिल्या पगारात आजीला लुगडं आणतात, माझ्या नातीनं लाकूड कापायचं यंत्र आणलं. लेझर म्हणं. चार पायाची चौकट, वर डबीएवढं डोकं इकडून तिकडं पळतंय. त्याच्यातून निळा उजेड निघतो आन् प्लाय कापतो. पातं न्हाई, करवत न्हाई.

"कशाला गं?" म्हणलं.
"शौक म्हणून, आजी."

शौक. तिच्या आजोबाला बी हेच लागलेलं होतं.

नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू. ती आंघोळीला गेली तवर उरकून टाकलं. चौकटीला बोटं, बटणाला बोटं, डोक्याला बोटं. डोक्याच्या खालच्या अंगाला एक काच चमकून राहिली होती, तिला बी लावलं. सगळ्यांना लावायचं आन् एकटीला सोडायचं, बरं दिसत न्हाई.

६ ऑगस्ट, बुधवार
गावाकडून, लोह्याहून टेम्पोत मखर आलं. घर विकलं, भांडीकुंडी वाटली, एवढंच राहिलं होतं. मालकांच्या हातचं. यंदा महालक्ष्म्या पहिल्यांदाच लातूरला बसणार, पोराच्या, बालाजीच्या घरी.

दोऱ्या सोडून बघितलं. डाव्या बाजूची जाळी धड हाय. उजवी वाळवीनं खाल्ली. बोट लावलं की भुगा.

सून म्हणली, "आत्याबाई, हे आता कुठं ठेवायचं? पहिलं वर्ष हाय, कॉलनीतल्या बायका बघायला येणार. मी मोबाईलवर एक बघून ठेवलंय. पाइपाचं, घडीचं, लायटिंगवालं."

उज्ज्वला वाईट न्हाई. धूळ तिलाच पुसावी लागती. म्हणलं, "घे की. लाकूड ते लाकूड."

खा. – अर्धी भाकर. (हे खरं.)

७ ऑगस्ट
रुतू मधी पडली. "मम्मी, उजवी जाळी मी कापते. डावीचा फोटो काढायचा, कम्प्युटरवर उलटा करायचा, कापायची. नेमकी खाचेत बसंल."

उज्ज्वला म्हणली, "महालक्ष्म्या यायच्या आत बसली तर जुनं. न्हाई तर नवीन, आन् हे भंगारात. मग कुणी तोंड वाकडं करायचं न्हाई."

बोलली पोरीला, बघितलं माझ्याकडं. माझं तोंड हायच तसं.

११ ऑगस्ट, सोमवार
खा. – साबुदाणा. डॉक्टरनं नको म्हणलेलं. देवानं सांगितलेलं.

मशीनला आधी शिकवावं लागतं म्हणं. दहा सेंटिमीटरचा चौकोन काप म्हणलं तर त्यानं जरा कमीच काढला. पट्टा सैल होता. आवळला, परत चौकोन. मग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मापलं तर दोन्ही तिरप्या सारख्या येईनात, म्हणजे चौकटच कललेली. स्क्रू सैल केले, सुताराचा काटकोनी गुण्या लावला, आवळले, परत चौकोन. तिच्याकडं एक चिमटा हाय, धरला की आकडा दाखवतो. दिवसभर चिमटा आन् चौकोन, चौकोन आन् चिमटा.

घरात चौकोनच चौकोन. एक मी पाण्याच्या तांब्यावर झाकला. एक गरम पातेल्याखाली. उज्ज्वलानं एकावर साबण ठेवला. धंदा काढावा का काय.

१२ ऑगस्ट
काल लिहायचं राहिलं ते. मालक शाळेत शिपाई. हस्तकलेचे गुरुजी बदलून गेले ते आपली केसावानी बारीक करवत ह्यांना देऊन गेले. मग काय. पगार झाला की नायगावच्या बाजारातून पाती. लई तुटायची. फळी हलू नये म्हणून मला तिच्यावर बसवायचे. नवी नवरी मी, जरीचं लुगडं नेसून फळीवर बसलेली, आन् हे खाली मान घालून राघूचं शेपूट कापून राहिलेत. सासू म्हणायची, बायको केली का वजन केलं?

हललं की ओरडायचे. शिंकायची बी सोय न्हाई.

अख्खं मखर आसं झालं. चार राघू, दोन कमळं, वरची कमान. माझ्या बसण्यावर.

१४ ऑगस्ट
चौकोन मापात आला तर आता कापून पडंना. वरून काळी रेघ उमटती, आरपार जात न्हाई. फोकस म्हणं. डोकं वर घेतलं, खाली घेतलं, मधी लाकडाचा एक गट्टू ठेवून उंची लावली. हळू चालवलं तर कडा जळून कोळसा. दोनदा फिरवलं तर धूर. प्लायवाल्याला शिव्या दिल्या, प्लाय बदलला, तेच.

रुतूचं तोंड एवढंएवढं झालं. आजोबाचं पातं तुटल्यावर व्हायचं तसंच. नाक बी तेच.

उज्ज्वलानं पाइपाचं मखर मागवलं. "नको झालं तर परत करता येतं," म्हणली. परत कोण करतं.

१६ ऑगस्ट, शनिवार
खा. – काही बी. आज हसूनच पोट भरलं.

दुपारी रुतूनं मशीनचं डोकं खोललं. मग हाक मारली, "आजी, काचेवर हे लाल काय हाय?"
"कुंकू."
"कुंकू?"
"मग काय, लिपस्टिक?"
"आजी! ह्याच काचेतून उजेड येतो. हा डोळा हाय त्याचा. डोळ्यात कुंकू घातलंस तू!"
"मग कपाळ कुठं, डोळा कुठं, ते खोक्यावर लिहायचं. मला काय माहीत."

कुंकू रोज थोडं थोडं भाजून काचेला बसलेलं, म्हणून पहिले चौकोन निघाले, मागचे न्हाई. दोन-चार दिवस ती डोकं वर-खाली करून राहिली, प्लायवाल्याला शिव्या घालून राहिली, आन् काम माझ्या बोटाचं. उज्ज्वला सैपाकघरातून आली आन् हसून हसून ओट्याला धरून उभी राहिली. टेम्पो आल्यापासून पहिल्यांदा हसली.

माझ्या कपाळाला न्हाई, मशीनच्या डोळ्याला मात्र.

नवी काच मागवली. आली की मी हात लावायचा न्हाई आसं ठरलं. पूजा बी लांबून.

२२ ऑगस्ट, पोळा
खा. – पुरणपोळी. एक. (पोळा हाय, डॉक्टरच्या घरी बी झाला आसंल.)

काच आली. पहिल्याच झटक्याला चौकोन आपोआप खाली पडला, टप. रुतू नाचली.

आता खाचेचं माप. उजेडाला बी जाडी असती, मला नवीन. जिथून जातो तिथली केसभर लाकडाची रेघ जळून जाती, म्हणून तेवढं धरून कापायचं, न्हाई तर जाळी खाचेत खुळखुळती. मालक म्हणायचे, रेघ खायची न्हाई, रेघंच्या भाईरून चालायचं. तिला सांगितलं. म्हणली, "हां आजी, सेम." सेम.

लोह्याला पोळ्याला दारापुढून बैल जायचे तवा हे करवत ठेवून उभे राहायचे. बैल न्हाई आपल्याकडं, मग कशाला उभं राहता म्हणलं तर म्हणायचे, बघायला बैल लागतो का घरचा.

२५ ऑगस्ट, सोमवार
उपास सुटला, श्रावण संपला. खा. – भाकर, मेथी.

जाळी निघाली. काय सांगू. राघू, कमळ, देठ, सगळं. कडा करपलेल्या, तपकिरी, लोह्याच्या जुन्या जाळीसारख्याच दिसून राहिल्या. मी हातात घेतली न्हाई. बोटाला भरोसा न्हाई आता.

वरून खाचेत सोडली. गेली, गेली, आन् खाली एका कोपऱ्याला टेकली. दुसऱ्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. उलटी करून बघितली, फट तिथंच. रुतूनं चिमटा लावला, गुण्या लावला, जाळी काटकोनात. मग गुण्या मखराला लावला.

"आजी, मशीन बरोबर हाय. आजोबाच वाकडे हायेत."
"मी जन्मभर तेच सांगितलं. कुणी ऐकलं?"

मखराची खालची पट्टी तिरपी हाय. डाव्या जाळीची खालची कड बी तशीच तिरपी. फोटोत दिसली होती तिला. तिला वाटलं फोटो वाकडा आला, म्हणून तिनं तो कम्प्युटरवर सरळ केला.

फोटो वाकडा नव्हता.

उज्ज्वला म्हणली, "म्हणजे पहिल्यापासूनच वाकडं होतं." मी उरलेले चौकोन डब्यात भरले. पण लागलं. ह्यांना मी वाकडं म्हणू शकते. बाकीच्यांनी न्हाई.

२६ ऑगस्ट
दुपारी लसूण सोलून राहिले होते. एक पाकळी हातातून पडली. पडली तिथंच राहिली.

लोह्याला राहिली नसती. लोह्याच्या माजघराच्या फरशीला उतार होता, धुतलेलं पाणी दाराकडं जावं म्हणून. लसूण पडला की दारापर्यंत. सुपारी पडली की दारापर्यंत. बालाजी रांगायचा तवा तो बी दारापर्यंत.

मखर तिथंच केलेलं, त्याच फरशीवर, मी फळीवर बसलेली. खांब सरळ उभे राहावेत म्हणून ह्यांनी खालची पट्टी फरशीच्या उतारानं घेतली. तिथं ते कधीच वाकडं दिसलं न्हाई. एवढी वर्षं महालक्ष्म्या ताठ बसल्या त्याच्यात.

घर विकलं. उतार तेवढा मखरात राहिला.

रुतूला सांगितलं. ती म्हणली, "मग मी जाळी बी उताराची कापते." उज्ज्वलाला सांगितलं न्हाई.

२८ ऑगस्ट, गुरुवार
खा. – काल गणपतीचे मोदक, आज उरलेले. लिहिलं.

पाइपाचं मखर आलं. लांबुळकं खोकं हॉलमधी उभं हाय, न बोलावलेल्या पाहुण्यासारखं.

रुतूनं तिरपी जाळी कापायला लावली आन् अर्ध्यात लाईट गेली. लाईट आल्यावर मशीनला आठवंना कुठवर आलं होतं. तो प्लाय वाया. एकच राहिला. म्हणली, "आजी, हा गेला तर सणात दुकानं बंद."
"मग लावू नको आज. मी धरून बसू का कोपऱ्यावर?"
"त्याला धरून बसायची गरज नसती गं."

बसले मी तरी. मशीनवर न्हाई, बाजूच्या खुर्चीवर. शिंक आली ती दाबली.

२९ ऑगस्ट
झालं कापून. लाईट गेली न्हाई.

३० ऑगस्ट, शनिवार
जाळी बसली. शेवटी टक् आवाज झाला. मालक जाळी बसवायचे तवाचा हाच आवाज. रुतूला कसं सांगावं कोणता.

पण आता अख्खं मखर उभं केलं तर लातूरच्या सपाट फरशीवर ते एका अंगाला झुकून राहिलं. कमान तिकडं, राघू तिकडं. उज्ज्वला कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आत्याबाई, मुखवटे घसरतील हो यात. पहिलंच वर्ष हाय." बोलणं खोटं न्हाई. महालक्ष्मी पडली तर वर्षभर उज्ज्वलाच्या नावानं बोटं मोडतील, माझ्या न्हाई.

रुतू आत गेली. साबणाखालचा चौकोन आणला, तांब्यावरचा आणला, पातेल्याखालचा, डब्यातले सगळे. आखूड खांबाखाली एकावर एक ठेवून राहिली. कमी मापाचे, कललेले, कोळसा झालेले, सगळे तिथं कामाला आले.

मी वरच्या पट्टीवर सुपारी ठेवली. घरंगळली. अजून एक चौकोन. परत घरंगळली, पण दुसऱ्या बाजूला. एक काढला.

३१ ऑगस्ट, रविवार
खा. – अजून काही न्हाई. महालक्ष्म्या आत आल्यावर.

सकाळी सुपारी थांबली. रुतू श्वास धरून बघत होती. मी बी. मग खाली रस्त्यावरून ट्रक गेला आन् सुपारी जरा हलली. पडली न्हाई. हलली.

दारापासून हळदकुंकवाची पावलं उज्ज्वलानं काढली. छान काढली, माझ्यापेक्षा. बालाजीला ताट वाजवायला उभं केलं. मुखवटे सुपात घेऊन ती उंबऱ्यापाशी आली आन् थांबली. पावलं हॉलच्या मधोमध येऊन थांबलेली. पुढं कुणीकडं ते काढलेलंच न्हाई तिनं. एकीकडं चौकोनांवर उभं राहिलेलं मखर. दुसरीकडं खोकं, त्याचा वरचा टेप कापलेला, आतलं अजून आतच.

"आत्याबाई, कुणीकडं?"

म्हणलं, "घर तुझं हाय. सूप तुझ्या हातात हाय."

ती माझ्याकडं बघत न्हाई. खांबाखालच्या चौकोनांकडं बघून राहिली. मग रुतूला म्हणली, "ती सुपारी परत ठेव बघू एकदा."

बालाजीचं ताट वाजवणं थांबलंय. मी कोपऱ्यात खुर्चीवर लिहून राहिले. रुतू सुपारी शोधती हाय. ती हलली तवाच उचललेली सुपारी माझ्या मुठीत.