डेल्बर्टकाकांचं पिस्तूल

ईनिड, ओक्लाहोमा
१४ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

मी बरी आहे, दुकानही नीट चाललंय. तुमचा गुडघा कसा आहे? बर्नीस मावशी सूप आणून देते ना?

मालकांचा हुकूम आला आणि मी आमच्या किराणा दुकानाच्या दारावर पाटी लावली : कायद्याने परवानगी असली, तरी कमरेला उघडं पिस्तूल लावून आत येऊ नये. नियम मला पटतो. कडेवर मूल असलेल्या बायका ते पिस्तूल पाहून रांग बदलतात, हे मी रोज बघत होते.

मंगळवारी डेल्बर्टकाका आले, कमरेला पिस्तूल होतंच. ऐंशीचे आहेत, आमचं जुनं गिऱ्हाईक. मी म्हटलं, "काका, तेवढं तुमच्या पिकअप ट्रकमध्ये ठेवून या ना."

"का गं, तुझ्या कोबीवर गोळी झाडेन वाटतं?" असं म्हणून हसले, पण निमूट ठेवून आले.

तुमच्यासारखेच तेही ट्रकला कधी कुलूप लावत नाहीत. वीस मिनिटांनी बाहेर गेले, तर सीटवरचं पिस्तूल गायब. पोलिसांना अजून सापडलेलं नाही.

"तुझी काय चूक, पोरी?" ते म्हणाले. पण कुलूप लावलंत का, एवढं मी विचारायला हवं होतं. पाटी काढावीशी मला अजूनही वाटत नाही. फक्त अनोळखी कुणी आत आलं की मी आता आधी त्याच्या हातांकडे बघते, आणि दिवसभर असं बघून फार दमते.

बाबा, शनिवारी गावात जाताना तुमचं पिस्तूल घरीच कपाटात ठेवाल? ट्रकमध्ये नको.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
कॉरिन