चिकना कागद

माय, आज रिठदचा तो माणूस कचेरीत आला होता. तोच, ज्याचं टमाट्याचं रोप आपल्यामुळे मेलं होतं. आपल्यामुळे म्हणतेय बघ अजून! माझ्यामुळे. पार वाकलाय आता, कानात यंत्र आहे, सोबत सून होती. जमिनीच्या कागदाची नक्कल पाहिजे होती त्याला. जेवणाची सुट्टी होती, डबा खाऊन झाला होता आणि मी फाइलखाली पुस्तक धरून वाचत बसले होते. हसू नको. सेहेचाळीस वर्षांची बाई, चष्मा नाकावर, आणि वाचते काय, तर पाठीला फडका बांधून इमारतीवरून इमारतीवर उड्या मारणाऱ्या माणसाची चित्रकथा. तू त्यांना फडकेवाले म्हणायचीस. “त्याचा तो फडका धूते कोन वं? माय हाय का त्याले?” असं विचारून तूच खो खो हसायचीस. तुझ्याशी उभ्या जन्मात असं पुस्तकी बोलले नाही मी, पण पेन धरला की नोकरीतली भाषाच उमटते, त्याला काय करू.

आपली रोपांच्या वाफ्यांची ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. वांगं, मिरची, टमाटं. तू सकाळी वाफे भिजवायचीस, मऊ झालेल्या मातीतून रोप अलगद उपटायचीस, शंभराची जुडी करून मुळं चिखलात बुडवायचीस, आणि मी ओल्या कागदात तिचा पुडा बांधायची. त्यासाठी दर पंधरवड्याला वाशीमच्या रद्दीवाल्याकडून गठ्ठा यायचा, तुझ्या डोक्यावर. गठ्ठ्यात वर्तमानपत्रं, शाळेच्या वह्या, आणि कुण्या शहाण्या घरच्या पोरांनी वाचून टाकलेल्या चित्रकथा. तुझा नेम एकच होता. “चिकना कागद पुड्याले लावाचा नाई. पानी धरत नाई तो, आन् आत रोप उबते.” म्हणून चित्रकथेचं चिकनं कव्हर मला मिळायचं आणि आतली खरबरीत पानं रोपांना. माझ्या खाटेजवळच्या भिंतीवर कव्हरंच कव्हरं होती. गोष्ट एकीचीही नाही.

म्हणून मी बांधता बांधता वाचायला शिकले. एक पान ओलं करायचं, ते भिजेपर्यंत वाचायचं, मग गुंडाळायचं. शाई हाताला लागायची. निळा फडकेवाला पुलावरून खाली पडतोय, आणि तो अर्ध्यावर असतानाच जुडीला गुंडाळला की गेला जऊळक्याला. त्याला झेलणारी बाई पुढच्या पानावर असायची, ती दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पिशवीतून कुठल्या तरी गावाला. मधलं सगळं मी मनानं जुळवायची. त्यात किती मजा होती, हे तुला कधी सांगितलंच नाही. एका चौकटीत हात उगारलेला, दुसऱ्या चौकटीत भिंत फुटलेली, आणि मधल्या त्या बोटभर पांढऱ्या पट्टीत तो ठोसा मी मारायची. स्वतः! बारा वर्षांची, काडीसारखी पोट्टी. तू वाफ्यातून ओरडायचीस, “हात चालव वं! पोरीची जात आन् मारामाऱ्या वाचून राह्यली!” पण ओरडण्यात राग नसायचा. कधी कधी तूच विचारायचीस, “मंग? वाचला का तो?” आणि मी जे सुचेल ते ठोकून द्यायची.

तो दिवस दिवाळीच्या सुट्टीतला. थंडी अजून पडली नव्हती, ऊन असं की ढेकूळ हाताला भाजत होतं. रिठदचा हा माणूस वीस जुड्या घ्यायला आलेला, त्याला बस धरायची होती. गठ्ठा संपत आला होता. तळाशी राहिली होती एक अख्खी चित्रकथा, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत धड, माझ्या हाती लागलेली पहिलीच. आणि तिच्या खाली जुन्या कॅलेंडराची जाड, चिकनी पानं. मी चित्रकथा चाळली. मधल्या एका पानावर त्या फडकेवाल्यानं मुखवट्याला हात घातला होता. पुढचं पान उलटणार तोच तुझी हाक आली, “झालं का वं पोरी? बस जाईन त्यायची!” माय, मी चित्रकथा फ्रॉकमध्ये खोचली आणि पुडे कॅलेंडरात बांधले. वरून उरलेल्या वर्तमानपत्राचा एकेक तुकडा लावला, म्हणजे तुला दिसू नये. चूक झाली असं नव्हे. चांगलं ठरवून, मन लावून केलं. इतके नीटनेटके पुडे मी त्याआधी कधी बांधले नव्हते. तू तर म्हणालीस, “वा वं, आज हाताले वळण आलं.”

आठ दिवसांनी तो बाजारात आला. तू पोत्यावर बसली होतीस, मी शेजारी कोथिंबिरीच्या, आपल्या सांबाराच्या, जुड्यांवर पाणी शिंपत होते. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं पिशवीतून चुरगळलेली पानं काढून तुझ्या पुढ्यात टाकली.

“बाई, वीस जुड्या नेल्या तुमच्याकून. एक काडी जगली नाई. घरी नेऊन पुडा सोडला तं देठ काये पडलेले. हे पाहा कशात बांधलं होतं. शेंबड्या पोट्ट्याले समजते हे, तुमाले समजू नाई?”

तू पान उचललंस. मांडीवर ठेवून हातानं सरळ केलंस. कॅलेंडराचं पान होतं, एका कोपऱ्यात माझ्या बोटांचे शाईचे ठसे. तू ते पाहिलंस. मी तुला पाहताना पाहिलं. मग त्याची घडी घालून कमरेला खोचलीस आणि म्हणालीस, “माही चूक झाली भाऊ. घाई होती. माह्याच हातानं बांधलं.” माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. मी तशीच पाणी शिंपत राहिले. सांबार वाहून जाईल इतकं शिंपलं.

आपल्या वावरासाठी राखलेलं रोप तू त्याला दिलंस. त्या वर्षी आपलं अर्धं वावर रिकामं राहिलं, पण त्याचं मला इतकं नाही. “त्या बाईचं रोप डोये झाकून लावा,” असं लोक म्हणायचे, ते म्हणणं गेलं. पुढची दोन-तीन वर्षं गिऱ्हाईक तुझ्यासमोर पुडा सोडून, आत कोणता कागद आहे ते बघून मग घ्यायचं. ते सोडून बघेपर्यंत तू उभी राहायचीस, चिखलाचे हात पदराला न लावता, तसेच अधांतरी धरून. एकदाही कुणाला म्हणाली नाहीस की काहून बघता. ते हात अजून दिसतात मला.

त्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी माराची वाट पाहत होते. खरंच सांगते, मार मिळाला असता तर मी जन्मभराची सुटले असते. तू भाकर थापलीस, ताट वाढलंस, चुलीपुढं बसून घोटभर चहा प्यायलीस, आणि जाळाकडे बघत विचारलंस, “वाचून झालं का वं ते?”

मी म्हटलं, “कोनतं?”

तू म्हणालीस, “काई नाई. जेव.” आणि थोड्या वेळानं, भांडी उचलताना, “पायजे असन तं मांगून घेत जाय. म्या नाई म्हटलं असतं का?” बस. पुढं तेरा-चौदा वर्षं तू होतीस, दवाखान्यात तर शेवटचे वीस दिवस मी रात्रंदिवस उशाशी होते, पाठ चोळून दिली, केस विंचरले, सगळं बोललो आपण, शेजारणीच्या म्हशीपर्यंत. हे सोडून.

आता माझ्याकडे कपाटभर पुस्तकं आहेत. चित्रकादंबऱ्या म्हणतात त्यांना, जाडजूड असतात, अख्खा कागद चिकना; तुझ्या कामाचं एक पान निघायचं नाही. नवं पुस्तक आलं की मी आधी नुसती चित्रं बघते, मग शब्द वाचते, मग परत नुसती चित्रं. घरधनी म्हणतात, अगं, तुझं वय काय! म्हणोत बापडे. पण या गोष्टींत एक भानगड आहे. फडकेवाल्याच्या हातून एकदा काहीतरी वाईट होतं, कुणीतरी त्याच्यापायी भोगतं, आणि मग तो जन्मभर त्याची भरपाई करत फिरतो. ते पान आलं की मी पुस्तक मिटते. त्याला निदान पश्चात्ताप करायला गच्ची आहे, काळोख आहे, पाऊस आहे. माझ्याकडे फाइली. आणि त्यानं लपवलेला चेहरा चांगल्या माणसाचा असतो.

तर आज तो म्हातारा. माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, “तू त्या रोपवाल्या बाईची पोरगी ना वं?”

“हाव बाबाजी.”

“लय खरी बाई होती तुही माय.” मग सुनेकडे वळून, जोरजोरात, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं, “माहं रोप मेलं होतं एकडाव. दुसरी असती तं माह्याच अंगावर आली असती, तुमीच पानी देल्लं नसन म्हने. या बाईनं चार मानसांत सांगतलं, माही चूक झाली. असं कोनी राह्यलं नाई आता.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “मायवर गेली पाहा पोरगी. तेच तोंड.”

मला म्हणायचं होतं, बाबाजी, ते पुडे मी बांधले होते. एवढंच वाक्य. समोरचा माणूस ऐंशीचा, रोप मेलेल्याला चौतीस वर्षं झालेली, कोण मला फाशी देणार होतं? शेजारच्या टेबलावरच्या बाई कौतुकानं बघत होत्या. मी रजिस्टर पुढं सरकवलं आणि म्हटलं, “इथे सही करा बाबाजी.” त्यानं केली. सून म्हणाली, बसची वेळ झाली. गेले ते. चौतीस वर्षांनी देवानं तोच माणूस पुन्हा माझ्यापुढं आणून उभा केला, आणि मी पुन्हा सांबारावर पाणी शिंपत राहिले. तुझी चूक ती तुझीच ठेवली मी, माय, मेल्यावरसुद्धा.

हे कागद कुठं पाठवायचे? रिठदला पाठवायला पाहिजेत खरं तर, तुला नव्हे. तेवढी छाती होईल का, माहीत नाही. सध्या पुस्तकातच घालून ठेवते, चिकन्या पानांमध्ये.

पण तू जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर तरी देते. हो, झालं होतं वाचून. त्याच दुपारी, तो माणूस बसमध्ये चढायच्या आत, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत दार लावून. दोनदा वाचलं. आणि लय मजा आली होती, माय.